‘देवाची वेळ’ आणि नाशिकची नोकरी

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं गेलं. एकदा मी वाचलं आणि एकदा आमच्या घरच्या मंडळींनी. माझी धाकटी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून ‘तू’ म्हणतो. राग मानू नकोस.

हे उत्तर इतरही वाचतील, त्यामुळे तुझी ओळख पटणार नाही अशा बेताने प्रश्न आधी सांगतो. वय ३३. राहणं वडगाव शेरीला. नऊ वर्षं खासगी शाळेत कंत्राटी शिक्षिका. शिक्षक भरतीत दोनदा थोडक्यात नाव हुकलं. लग्न जमत नाही. दीड वर्षापासून वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीन वेळा. आता नाशिकच्या एका निवासी शाळेने कायमची नोकरी देऊ केली आहे आणि महिनाअखेर उत्तर मागितलं आहे. आई म्हणते, “घाई करू नकोस, देवाची वेळ आली की पुण्यातच होईल.” त्यात दोन वर्षांपूर्वी उपास-प्रार्थनेत मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बहिणीने तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की येत्या नाताळाच्या आत तुझं घर वसेल, म्हणजे लग्न होईल. त्यानंतर दोन नाताळ होऊन गेले. तू विचारतेस, “देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा म्हणजे मी नेमकं करायचं काय? गप्प बसायचं?”

गप्प बसायचं नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. पुढचं जरा लांबण लागेल.

मी ३१ वर्षं चर्चचा पाळक होतो. ‘देवाची वेळ’ हे शब्द मी किती घरांत वापरले असतील त्याची मोजदाद नाही. एका घरानंतर मात्र ते जपून वापरायला लागलो. येरवड्यातलं दोन खोल्यांचं घर. सहा वर्षांचा मुलगा तीन दिवसांच्या तापात गेलेला. बाप रिक्षा चालवायचा. मी खुर्चीवर बसलो होतो, तो खाली भिंतीला टेकून. वर खुंटीला पोराचं दप्तर आणि दप्तराच्या जाळीत पाण्याची बाटली, अर्धी भरलेली. मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, दोन वचनं वाचली आणि सवयीने म्हणालो, “देवाची वेळ आपल्याला कळत नाही, पण ती कधी चुकत नाही.” तो वर न बघता म्हणाला, “पाळकसाहेब, ती बाटली त्यानं सोमवारी शाळेतून आणली. त्याचं उष्टं पाणी आहे त्यात. बायको ओतू देत नाही. आता सांगा, कुठली वेळ?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रार्थनासुद्धा धड झाली नाही. बाहेर आलो तर पंचांपैकी एक जण म्हणाला, “छान बोललात.” त्या रात्री मला स्वतःचीच शिसारी आली.

नंतर मी शास्त्र या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वाचून काढलं: ‘हे देवाने योजलं होतं’ असं कोण म्हणतं, कधी म्हणतं आणि कुणाला म्हणतं? एवढी वर्षं उपदेश करूनही हे मी कधी असं तपासलं नव्हतं.

योसेफाचंच बघ. त्याच्या भावांनी त्याला विहिरीत टाकलं आणि तो मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम म्हणून विकला गेला. तो विकला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता आणि फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा ३०चा. ही १३ वर्षं आपण शब्बाथ शाळेत पाच मिनिटांत संपवतो. ‘देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं’ हे तो भावांना म्हणतो ते सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन वर्षं गेल्यावर, म्हणजे विहिरीत टाकल्याला २२ वर्षं झाल्यावर. आणि ‘तुम्ही वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं’ हे प्रसिद्ध वाक्य तर बाप वारल्यानंतरचं. बाप याकोब मिसरात आला तेव्हा १३० वर्षांचा होता आणि तिथे १७ वर्षं जगला. हिशेब मांडला तर ते वाक्य बोलताना योसेफ ५६च्या आसपास असणार. विहिरीपासून ३९ वर्षं!

मग तुरुंगात असताना तो काय म्हणत होता? उत्पत्तीचा ४०वा अध्याय काढ. त्याच्यासोबत कैदेत असलेला राजाचा प्यालेबरदार (राजाला पेय देणारा सेवक) सुटणार हे कळल्यावर योसेफ त्याला गळ घालतो: माझी आठवण ठेव, फारोकडे माझं नाव काढ, मला इथून सोडव, मी काहीही गुन्हा केलेला नाही. ‘देवाची वेळ आली की सुटेन’ असं तो म्हणत नाही. सरळ ओळख लावतो, वशिला म्हण हवं तर! प्यालेबरदार विसरतो आणि पुढचा अध्याय सुरू होतो तो पुरी दोन वर्षं उलटल्यावर. त्या दोन वर्षांबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. ती कोरी जागा मला हल्ली फार खरी वाटते.

म्हणजे योसेफाचा विश्वास कमी होता का? नाही. तुरुंगातही देव त्याच्याबरोबर होता असं शास्त्र सांगतं. पण देव बरोबर आहे हे एक आणि देवाचं वेळापत्रक मला कळलं आहे हे दुसरं. आपण या दोन्हींची गल्लत करतो. आणि ‘चांगल्यासाठी योजलं’ हे ज्याने सोसलं तोच म्हणाला, स्वतःबद्दल, मागे वळून बघताना. खुर्चीवर बसलेल्या पाळकाने खाली बसलेल्या बापाला सांगायचं ते वाक्य नव्हे.

एस्तेर राणीच्या गोष्टीतही तिला वाढवणारा मर्दखय तिला ‘याच कामासाठी देवाने तुला राणी केलं’ असं ठासून सांगत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की कोण जाणे, अशाच वेळेसाठी तुला हे पद मिळालं असेल. कोण जाणे! त्या इब्री (हिब्रू) ग्रंथात देवाचं नावही कुठे येत नाही, पण त्याचा हात पानोपानी जाणवतो. देवाच्या हेतूबद्दल इतक्या जपून बोलणारा माणूस आपल्या प्रार्थना सभांत क्वचितच भेटतो.

तुझ्या आईचं वेगळं आहे. तिच्या ‘देवाची वेळ’मध्ये मला अर्धा विश्वास आणि अर्धी भीती दिसते. तू गेलीस तर आठवड्यातून तीन वेळा तिने एकटीने काय करायचं? हे तिला तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून ती देवाचं नाव घेते. आपल्या घरांत हे सर्रास चालतं. पोराला दुबईला जाऊ द्यायचं नसलं की ‘प्रभूची इच्छा दिसत नाही’ आणि सून पसंत नसली की ‘मनाला शांती वाटत नाही’. मी कुचेष्टा करत नाही, मीही केलंय. पण तू तिच्याशी देवाच्या वेळेवर वाद घालू नकोस. भीतीवर बोल. ‘मी गेले तर मंगळवारी बाबांना कोण नेणार?’ हा प्रश्न तूच काढ. ती रडेल बहुतेक. रडू दे.

आता त्या बहिणीबद्दल. तिचा हेतू वाईट नसणार. पण भाकितं तारखेसकट सांगणाऱ्यांबद्दल शास्त्रात एक अख्खा अध्याय आहे, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा, आणि तो फारसा कुणी वाचत नाही. यरुशलेमेतले लोक बाबेलला (बॅबिलॉनला) धरून नेले होते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर म्हणाला, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया मला फार आवडते. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसं करो. त्यालाही तेच हवं होतं! पण ते खरं नव्हतं. मग यिर्मयाने बाबेलला पत्र धाडलं, तो २९वा अध्याय. त्यातलं ११वं वचन, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ या अर्थाचं, आपल्या निम्म्या घरांत फ्रेममध्ये असतं. ३१ डिसेंबरच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात ना, त्यातही ते कुणाला तरी निघतंच आणि निघालेला माणूस वर्षभर खूश असतो. पण त्याच्या आधीचं १०वं वचन कुणी फ्रेम करत नाही. त्यात लिहिलंय, ७० वर्षं.

सत्तर. ज्यांनी ते पत्र हातात धरलं त्यांच्यातले बहुतेक बाबेलमध्येच मेले असणार. त्यांच्यासाठी त्या पत्रात काय होतं? पाचव्या वचनापासून वाच: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. तुझ्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. हनन्याचं ऐकणारा बिऱ्हाड बांधून दोन वर्षं दाराकडे डोळे लावून बसला असता. यिर्मयाचं ऐकणाऱ्याने कुदळ घेतली.

तू दोन वर्षं काय केलंस ते तूच लिहिलं आहेस. नाताळाच्या आत लग्न होणार म्हणून शाळेच्या सहलीच्या कामातून नाव काढलंस, एम.एड.चा फॉर्म भरला नाहीस, घराला रंग लावायचा राहून गेला. यात तुझा दोष काढत नाही. मी फक्त म्हणतो, त्या बहिणीला एकदा प्रेमाने जाऊन सांग, की ताई, तसं झालं नाही. भांडायला नको. पण तिला कळायला हवं, नाहीतर पुढच्या उपास-प्रार्थनेत ती आणखी कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवेल.

लग्नाबद्दल मी काही वचन देऊ शकत नाही आणि कुणी दिलं तर घेऊ नकोस. शास्त्रात लग्नाचं आश्वासन कुठेच नाही. आपला प्रभू अविवाहित होता. व्यवहाराचं मात्र एक सांगतो. आपल्या मराठी मंडळ्यांत सगळे समजतात, ‘हिचं बघणं चालूच असेल’ आणि कुणीच काही सुचवत नाही. चार शहाण्या बायकांना तोंडाने सांग, की मला लग्न करायचंय, असं-असं माणूस हवं. पाळकीणबाईंना तर आधी सांग. यात लाजण्यासारखं काही नाही, योसेफानेही आपलं नाव काढायला सांगितलंच होतं.

रागाचंही तू चोरून लिहिलंस, पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात: “कधी कधी देवाचा राग येतो. हे पाप आहे का?” बेथानीचं आठव. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजर कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर येऊन तोंडावर म्हणाली, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया आली, तीही तेच म्हणाली. दोघी बहिणी ते वाक्य घरात चार दिवस एकमेकींना म्हणत असणार, इतकं ते सारखं आहे. येशूने दोघींपैकी कुणालाही गप्प केलं नाही. पुढच्या काही क्षणांत तो लाजराला मेलेल्यांतून उठवणार होता, तरी तो रडला. उशीर का केला याचं स्पष्टीकरण देत बसला नाही. तेव्हा राग येतो तर देवालाच सांग, स्तोत्रांची कितीतरी पानं रागानेच भरलेली आहेत. राग येत नाही असं दाखवून उपासनेत पहिल्या बाकावर बसणारे मला जास्त काळजीत टाकतात.

(ग्रीकमध्ये ‘काळ’ला दोन शब्द आहेत, एक घड्याळाचा आणि एक नेमक्या घडीचा, यावर मी पूर्वी पाऊण तास उपदेश करत असे. लोक वहीत लिहून घेत. त्याने कुणाचं डायलिसिस सोपं झाल्याचं ऐकिवात नाही.)

हेतूबद्दल एक गोष्ट अशी, की तो कधी कधी दिसतच नाही, निदान आपल्या हयातीत नाही. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या आश्रमाला, तू शब्बाथ शाळेच्या सहलीत गेली असशील. रमाबाईंनी आपल्यामागे हे काम मनोरमा बघेल असं धरलं होतं. एकुलती एक लेक, शिकलेली, त्यासाठीच तयार केलेली. ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. कानांनी अधू झालेल्या, थकलेल्या रमाबाई त्यानंतरही टेबलाशी बसून होत्या, मूळ इब्री-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक छापून झालं १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून. बांधलेली प्रत काही त्यांच्या हातात पडली नाही. मनोरमा का गेली याचा उलगडा कुणी केलेला मी वाचला नाही आणि केला तर मी तो मानणार नाही. मला दिसतं ते एवढंच: लेकीच्या मृत्यूनंतरही त्या बाईंनी दुसऱ्या दिवशीचं पान काढलं. ‘भरवसा’ हा शब्द मी आता अशा ठिकाणी वापरतो.

आता नाशिक.

लोक मला विचारतात, दार देवाने उघडलंय की सैतानाने, ओळखायचं कसं? आणि मग डोळे मिटून शास्त्र उघडून बोट ठेवतात. हे करू नकोस. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी प्लॉट घ्यावा का म्हणून असं बोट ठेवलं तर वंशावळ निघाली. त्यांनी तिचाही अर्थ लावला आणि प्लॉट घेतला. अजून कोर्टात आहेत.

प्रेषित पौलाने काय केलं ते ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १६व्या अध्यायात आहे. त्याला तेव्हाच्या आशिया प्रांतात जायचं होतं, अडवलं गेलं. मग बिथुनियाकडे वळायला बघितलं, तिथेही मनाई झाली. असा फिरत-फिरत तो त्रोवसला समुद्रापाशी पोचला, तिथे रात्री दृष्टांत झाला आणि तो मासेदोनियाला गेला. दोन दारं बंद आहेत हे त्याला घरी बसून कळलं नाही, चालत जाऊन ढकलल्यावर कळलं. देव दार लावू शकतो यावर विश्वास असेल तर माणूस दार ढकलायला घाबरत नाही. तुझी भीती उलटी आहे, की चुकीचं दार उघडलं तर देव आपल्याला तिथेच सोडून देईल. तुरुंगात योसेफाला सोडलं नाही, तुला नाशिकला सोडेल?

तेव्हा ढकलून बघ. आजच्या आज त्या शाळेला फोन कर. ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायला नव्हे, प्रश्न विचारायला. नेमणूकपत्र लेखी देणार का, की तिथेही ‘कायम’ म्हणजे तोंडी कायम? राहायला क्वार्टर आहे का, आणि त्यात आई-वडील चालतील का? जूनऐवजी दिवाळीनंतर रुजू झालं तर चालेल का? मग नाशिकमध्ये डायलिसिसच्या दोन-तीन ठिकाणी चौकशी कर. आठवड्यातून तीन वेळांची जागा लगेच मिळते की यादीत थांबावं लागतं, तुम्ही इथे ज्या योजनेत आहात ती तिथे लागू पडते का, शाळेपासून किती लांब. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आली की तू जे देवाला विचारते आहेस त्यातलं बरंचसं शाळेच्या कारकुनाला माहीत होतं असं लक्षात येईल. उरलेलं प्रार्थनेत ने.

आणि दोन माणसं निवड, जी तुला ‘नको’ म्हणू शकतात. तुझी मैत्रीण नको, ती तुला हवं तेच म्हणेल. एखादी तुझ्या शाळेतली जुनी बाई आणि मंडळीतला एखादा वडीलधारा, ज्याचा यात काही फायदा-तोटा नाही. त्यांना सगळे आकडे दाखव, पगार, भाडं, औषधं. मग महिनाअखेरच्या चार दिवस आधीची तारीख धर आणि त्या दिवशी ठरव. ठरवल्यावर मन खाईल, दोन्हीकडून खाईल. मन खाल्लं म्हणजे देवाची इच्छा नव्हती असा अर्थ काढू नकोस. माझं तर प्रत्येक बदलीच्या वेळी खाल्लं.

‘नाही’ ठरलं तर पुण्यात मळा लाव. एम.एड.चा फॉर्म भर, पुढची भरती दे, घराला रंग लाव. नाशिकला न जाणं ही काही वाट बघत बसण्याची परवानगी नव्हे.

एक राहिलंच. चार पानांच्या पत्रात आई आहे, ती बहीण आहे, मुख्याध्यापक आहेत, काकासुद्धा आहेत. वडील फक्त आजारी म्हणून आहेत. त्यांना काय वाटतं ते एका ओळीतही नाही. शनिवारी त्यांच्यासोबत तूच जातेस असं लिहिलंयस. सुई लागल्यावर चार तास ते कुठे जात नाहीत आणि आईही त्या वेळी घरी असते. त्यांना विचार.